वूफर कोपऱ्यातच राहू दे

॥ श्री ॥

भाट्ये, रत्नागिरी
२६ फेब्रुवारी २०२४

चि. रावजी यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा माणूस परवा येऊन गाण्याचा संच बसवून गेला. दोन उभे स्पीकर टीव्हीच्या दोन अंगांना आणि तो काळा ठोकळा, तुमचा वूफर, घड्याळाखालच्या कोपऱ्यात. पोरगा कामाला नीटस. पण माझ्याशी बोलताना एवढा ओरडला, की शेजारचा केरू भांडण लागलं समजून कुंपणावरून डोकावला. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं म्हणजे तो मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या लिलावात उभा नसतो, हे त्याला सांग.

फोन न करता पत्र का, हे पुन्हा विचारू नकोस. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी माझी नोकरी झाली आणि कानातला वरच्या पट्टीचा आवाज सगळा तिथेच राहिला. फोनवर तू मला भावापेक्षा मोटारीसारखा जास्त ऐकू येतोस. मोबाईलवरचं वाचता येतं, पण तुझी ती तुटकी वाक्यं आणि पिवळी तोंडं बघून माझं समाधान होत नाही.

आता खरी तक्रार. तुझ्या भांडुपच्या खोलीत केलेलं आपल्या अण्णांच्या गजरांचं ध्वनिमुद्रण माघीला झरीविनायकाच्या अंगणात तू लोकांपुढे आणलंस, पखवाज माझा म्हणून मला शाल पांघरलीस. मी पोरासारखा रडलो ते सगळ्या गावाने पाहिलं. पण त्या गर्दीत मला काही ऐकू आलं नव्हतं. खालचा आवाज मला अजून कळतो, कानापेक्षा छातीत कळतो, म्हणून तर तू हा संच पाठवलास. पण इथे एक ठोका विरायच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर बसतो. नुसती घूं घूं चालते आणि फडताळातले पितळी डबे साथ करतात. माझा हात कुठे आहे तेच मला सापडत नाही.

अण्णांची रीत तुला आठवत असेलच. गजरात विनायकाचं नाव आलं, की डावा हात पखवाजाच्या पुडीवरून उचलायचा. बाकीचे पखवाजी नेमका तिथे जोर लावतात, आपल्या घरात तिथे जागा सोडतात. देवाच्या नावावर हात टाकायचा नाही, नाव मोकळं ऐकू आलं पाहिजे, असं अण्णा म्हणत. लहानपणी एकदा मी चुकलो तर त्यांनी मनगटावर टाळ हाणला होता. अजून थंडीत दुखतं. मला ती सोडलेली जागा या ठोकळ्यातून ऐकायची आहे. माझ्या हाताने अण्णांची रीत राखली, एवढं एकदा कळलं की मी तुला त्रास देणार नाही.

दुसरी बातमी आनंदाची. मुद्रण ऐकून आंजर्ल्याच्या मंडळींनी आपल्या भजनी मंडळाला अक्षय्य तृतीयेला कड्यावरच्या गणपतीपुढे बोलावलं आहे. मी होकार देऊन टाकला. पुडीला लावायची कणीक मीच भिजवीन, असं म्हणत तुझी वहिनी यमुनाही यायला तयार झाली आहे.

वूफर कुठे ठेवू ते सविस्तर लिही. सगळ्या मुंबईला आवाज लावून देतोस, भावालाही दे. शमिकेला आशीर्वाद. लोभ होताच, संच आल्यापासून थोडा वाढला आहे.

तुझा,
महिपतदादा


॥ श्री ॥

भांडुप, मुंबई
५ मार्च २०२४

ती. स्व. दादास,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. त्या पोराला मी चांगलं ऐकवलं. तो म्हणाला, काकाच आधी ओरडले. दोघांचं खरं असणार.

वूफर कोपऱ्यातच राहू दे. कोपऱ्यात त्याला दोन भिंतींचा आधार मिळतो, आवाज भरतो. तुझ्या कानांना भरलेला आवाजच हवा. मी विचार करूनच ती जागा सांगितली होती. मागचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं आहे, त्याला हात लावू नकोस. डबे वाजत असतील तर खाली जुनं कापड घालायला वहिनीला सांग. आणि असा एकेक ठोका शोधत कशाला बसतोस? डोळे मिटून अण्णांचे शब्द आठव, बाकीचं आपोआप जुळतं.

आंजर्ल्याचं मात्र तू घाई करून कळवलंस. दादा, मे महिन्याचा उन्हाळा, तो वळणांचा रस्ता, तासन्‌तास मांडी घालून बसायचं. डॉक्टरांनी तुझ्या गुडघ्याबद्दल काय सांगितलंय ते वहिनीकडून कळलं आहे. समर्थला बसू दे पखवाजावर. नव्या दमाचा आहे, मंडळात रुळला आहे. तू पुढे खुर्चीत मानाने बस. लोक तुला बघायलाच येणार.

इकडे काम भरपूर, झोप कमी. शमिका पुण्यात नाट्यगृहाच्या कामात गुंतली आहे, मला आठवड्यातून एकदा दर्शन देते. प्रकृतीला जप. लोभ आहे तसाच ठेव, ही पायांशी विनंती.

तुझा,
रावजी


॥ श्री ॥

भाट्ये, रत्नागिरी
१४ मार्च २०२४

चि. शमिका हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बापाशी माझं जमत नाही म्हणून तुझ्याकडे आलो आहे. मी त्याला वूफरची जागा विचारली, त्याने मला खुर्ची दिली. कोपरा सोडायला तो तयार नाही. कापड घातलं, डबे माळ्यावर टाकले, तरी घूं घूं आहेच. यमुना म्हणते, तुमच्या कानातच घूं घूं आहे. असेलही. पण कारखान्यात कॉम्प्रेसर बिघडला, की फरशीवर पाय ठेवून मी सांगत असे कुठला भाग सैल आहे. तेवढी अक्कल पायांत अजून शिल्लक आहे.

तू नाट्यगृहात आवाज लावतेस. पुढची खोली तुला माहीत आहे. माझी आरामखुर्ची खिडकीपाशी, समोर टीव्ही, घड्याळाखाली ठोकळा, उजवीकडे स्वयंपाकघराचं दार. भिंती चिऱ्याच्या. बाकी तूच ठरव. यंदा आंबा उशिरा आहे, पण तुझी पेटी बाजूला काढीन, बापाची नंतर बघू.

विसरू नये, एवढाच लोभ.

तुझा,
मोठा काका


॥ श्री ॥

पुणे
२२ मार्च २०२४

ती. स्व. मोठ्या काकांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग बराच वेळ हसले नाही. काका, तुमच्या पायांना जे कळतंय ते बरोबर आहे. वूफर कोपऱ्यात ठेवला की आवाज मोठा होतो, स्वच्छ होत नाही. दोन भिंती तोच आवाज पुन्हा पुन्हा परत देतात आणि चिऱ्याची भिंत काहीच पोटात घेत नाही. ठोक्यामागची शांतता त्यात बुडून जाते.

आता एक युक्ती सांगते, पण हसायचं नाही. तुमची आरामखुर्ची बाजूला करा आणि वूफर बरोबर त्या जागी ठेवा. पखवाज चालू असलेला गजराचा एकच तुकडा परत परत लावा. मग तुम्ही भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. हो, रांगतच, कारण कान वूफरच्या उंचीवर हवेत. काही ठिकाणी आवाज फुगेल, काही ठिकाणी नाहीसा होईल. जिथे सगळ्यात मोठा येईल तिथे थांबू नका. जिथे ठोका येतो आणि येऊन थांबतो, ती जागा खडूने आखा. मग वूफर तिथे ठेवा आणि खुर्ची परत मूळ जागी. मागचं बटणही अर्ध्यावर आणा.

मी हे लिहिलं असं बाबांना कळवू नका. आणि काका, जागा सापडली की अण्णाआजोबांचा गजर सावकाश ऐका, काकूला शेजारी बसवून ऐका. एवढं माझं ऐका. गुडघ्यांखाली उशी घ्या. माया असू द्यावी.

तुमची,
शमिका


॥ श्री ॥

भाट्ये, रत्नागिरी
३ एप्रिल २०२४

चि. शमिका हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या युक्तीने मी गावात वेडा ठरलो आहे, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर. वूफर खुर्चीच्या जागी, गजर चालू आणि मी गुडघ्यांना उशा बांधून भिंतीकडेने. तेवढ्यात केरू ताक मागायला आला. काही न विचारता तोही खाली बसला आणि माझ्या मागून रांगायला लागला. फडताळाशी पोहोचल्यावर त्याने विचारलं, की दादा, पडलंय काय? मी वूफरची जागा शोधतोय म्हटल्यावर तो वूफरकडे बोट दाखवून म्हणाला, की तो तर हा काय, समोरच आहे. मग यमुनाने दोघांना उठवायला हात दिला.

पण पोरी, तू जिंकलीस. घड्याळाखाली गुहेत शिरल्यासारखं होतं. खिडकीखाली आवाजच नाही. आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे, भिंतीच्या मध्यापासून जरा बाजूला, ठोका एकदम सुटा झाला. आला आणि थांबला. मी तिथे तसाच ओणवा राहिलो, गुडघे ओरडत होते तरी.

आता ठोकळा त्याच जागी आहे आणि त्यावरून घरात महाभारत. हातात ताटली घेऊन दारातून येताना यमुनाला तो आडवा येतो. मी मासळी आणायला गेलो तेवढ्यात तिने तो ढकलत परत कोपऱ्यात नेला. मी पुन्हा आणला. भावजींनी जिथे ठेवलाय तिथेच राहू दे, असं ती म्हणते. एवढा हट्ट तिने आयुष्यात केला नाही. गजर ऐकायला शेजारी बस म्हटलं तर तिला वाल सोलायचे आहेत. बसू दे. उद्या सकाळी अंघोळ करून मी एकटाच शांतपणे बसेन. अण्णांच्या तसबिरीला हार घातला आहे.

पेटी तुझी पक्की. लोभ दुप्पट झाला आहे, सांभाळून ठेव.

तुझा,
मोठा काका


भाट्ये, रत्नागिरी
६ एप्रिल २०२४

रावजी यास,

पखवाज माझा नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कान फसवतात. दुसऱ्यांदा तळवे फरशीवर टेकून ऐकलं. विनायकाचं नाव येतं आणि त्यावर डावा हात पडतो. प्रत्येक आवर्तनाला, न चुकता, भरघोस. जिथे जागा सोडायची तिथेच. मी झोपेत वाजवला असता तरी तो हात माझ्याकडून पडला नसता. तूही तिथे टाळ घेऊन बसायचास, ही जागा तुला ठाऊक नाही असं म्हणू नकोस.

तुझ्या भांडुपच्या खोलीत मी वाजवलं, ते कुठे गेलं? हा हात कुणाचा? मंडळातल्या कुणाकुणाला माहीत आहे? माघीला मी शाल घेऊन उभा होतो, तेव्हा समोर बसून टाळ्या कोण वाजवत होतं आणि त्यांतलं कोण मनात हसत होतं? मी रडलो रे. दुसऱ्याच्या हातासाठी मला सगळ्या गावापुढे रडायला लावलंस.

आणि तो कोपरा. खोलीत वूफर कुठे ठेवावा हे तुला कळत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा? मी भाबडेपणाने लिहिलं, मला ती जागा ऐकायची आहे. तू वाचलंस आणि उत्तर दिलंस, कोपऱ्यातच राहू दे, बटणाला हात लावू नकोस, डोळे मिट. मला भेट म्हणून यंत्र दिलंस आणि त्यातून ऐकू येऊ नये अशीही तजवीज केलीस. मुद्रणातला हात बदललास ते एक वेळ धंद्याचं म्हणून समजून घेईन. बहिऱ्या भावाला आणखी बहिरा केलास, हे कसं समजून घेऊ?

माझं जे मूळ वाजवलेलं आहे ते पाठव. पुसलं असशील तर तसं लिही.

महिपत


॥ श्री ॥

भांडुप, मुंबई
१५ एप्रिल २०२४

ती. स्व. दादास,

सा. न. वि. वि. तू पत्रावर श्री लिहिलं नाहीस आणि आशीर्वादही दिला नाहीस. मी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं.

दादा, तू मागे पडत होतास. टाळ तुला ऐकू येत नव्हते, आणि टाळ ऐकू आले नाहीत तर लय धरायची कशाला? सगळे पुढे जायचे आणि तू तुझ्या चालीने मागून यायचास. तुला समोरून हाताने खुणा केल्या, तर तू हसून मान डोलवलीस. तू गावी गेल्यावर समर्थला बसवून सगळं परत वाजवून घेतलं. नावावर जागा सोडायची हे त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं. खोटं बोलत नाही, त्या गडबडीत मला ते आठवलंच नाही.

मी तुला कसं सांगणार होतो? मला ताल तू शिकवलास. अण्णा गेल्यावर मला मुंबईला तू धाडलंस. तुझा पखवाज चालत नाही, हे माझ्या तोंडून कसं निघणार? अण्णांच्या मुद्रणावर तुझं नाव असावं एवढीच इच्छा होती. मंडळाने एकमताने गप्प राहायचं ठरवलं, ते तुझ्यावरच्या प्रेमाने. कुणी हसलं नाही. वहिनीलाही मी तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, की त्यांना कळू देऊ नका, त्यांच्याजवळ आता तेवढंच आहे.

कोपरा मी मुद्दाम सांगितला, हे खरं आहे. तू ती जागा शोधतोयस हे वाचून मला घाम फुटला. दुसरं काही सुचलं नाही.

तुझं मूळ पुसलेलं नाही. सोबत पेन ड्राइव्हमध्ये पाठवतो आहे. ऐकू नकोस असं सांगायचा मला अधिकार नाही. राग धर, मार, पण नातं ठेव. लोभाची भीक मागतो.

तुझा,
रावजी


॥ श्री ॥

पुणे
१७ एप्रिल २०२४

ती. स्व. मोठ्या काकांस,

शि. सा. न. वि. वि. बाबांचा फोन आला होता. तुम्हाला सगळं कळल्याचं त्यांनी सांगितलं.

काका, मलाही माहीत होतं. मुद्रणावरचा शेवटचा हात बाबांनी माझ्याकडून फिरवून घेतला, तेव्हा त्यात दोन पखवाज होते, एक बंद करून ठेवलेला. काकांना सांगा, म्हणून मी बाबांशी भांडले. ते ऐकेनात, आणि मला स्वतःला लिहवेना. मग तुमचं पत्र आलं. मी तुम्हाला वूफरची खरी जागा शोधायला शिकवली, म्हणजे जे मला सांगता येत नाही ते तुम्हाला आपसूक ऐकू येईल. काकूला शेजारी बसवा असं त्यासाठीच लिहिलं होतं. तुम्हाला रांगायला लावण्यापेक्षा चार सरळ ओळी लिहायला हव्या होत्या.

पेटी पाठवू नका. मात्र रागावून का होईना, पत्र पाठवा.

तुमची,
शमिका


॥ श्री ॥

भाट्ये, रत्नागिरी
२८ एप्रिल २०२४

चि. रावजी यास,

आशीर्वाद. तो लिहिला आहे, कारण तो थोरल्याने द्यायचा असतो. त्यातून दुसरा अर्थ काढू नकोस.

पेन ड्राइव्ह आला. केरूच्या सुनेने तो संचाला लावून दिला. मी ऐकलं. तू म्हणतोस ते खरं आहे. मी मागे पडलो आहे. सुरुवातीला थोडा, मग गजर चढतो तसा पुष्कळ. शेवटी तर सगळे थांबल्यावर माझा एकट्याचा हात ऐकू येतो. कुणीतरी मला तेव्हाच खांद्याला धरून थांबवायला हवं होतं.

पण विनायकाच्या नावावर हात नाही. चाल चुकली, लय गेली, तरी वाजवताना मी तोंडाने जो गजर म्हणत होतो, त्याच्याशी ती जागा दर वेळी सुटलेली आहे. मी ती ऐकली. ऐकायची होती ती हीच.

आता माझं ऐक. तुम्ही हे प्रेमाने केलंत असं लिहितोस. प्रेमाने मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही, की महिपत, आता पुरे. जागा सोडायला मला अण्णांनी लहानपणी शिकवलं आहे. पखवाजावरची जागाही मी सोडली असती. चार दिवस रुसलो असतो, यमुनावर खेकसलो असतो, आणि मग समर्थला स्वतः नेऊन बसवलं असतं. ते मला करू दिलं नाहीत. मला उठवलंत आणि तू बसलाच आहेस असं भासवत राहिलात. टाळ्या वाजवल्यात. भाऊ, बायको, मंडळ, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नव्हतं तो शाल पांघरून आंजर्ल्याला होकार देत होता.

समर्थ परवा आला होता. दारातच उभा राहिला, आत यायला धजेना. त्याचा दोष नाही, त्याला बोलावलं आणि त्याने वाजवलं. मी त्याला पखवाजापुढे बसवलं, मी गजर म्हटला, आणि नाव आलं की त्याचं डावं मनगट धरलं. संध्याकाळपर्यंत धरलं. निघताना तो न धरता जागा सोडत होता. आंजर्ल्याला तो बसेल. तिथल्या मंडळींना मी पत्र टाकलं आहे, की मुद्रणातला हात त्याचा आहे, माझा नाही. मी जाणार नाही. खुर्चीत तर नाहीच नाही.

शाल पार्सलने पाठवतो आहे. माझ्या खांद्यावर ती आता राहत नाही. कुणाला द्यायची ते तुझं तू बघ. शमिकेला सांग, पेटी पाठवली आहे. तिने आडून का होईना मला ऐकू दिलं. तिच्यावरचा राग आंब्याबरोबर उतरेल.

यमुना आणि मी बोलतो, कामापुरतं. काल तिने विचारलं, की आता तरी तो ठोकळा कोपऱ्यात सरकवू का, येता-जाता ठेच लागते. डोळे पुसत विचारत होती. मी नको म्हणालो. ठेच लागली तर लागू दे, त्या जागेवरून ऐकू येतं.

शेवटी लोभाचं. तू मागितला आहेस म्हणून लिहितो. लोभ आहे. तुला कडेवर घेऊन भाट्याच्या पुळणीवर फिरवलं तेव्हाचा आहे, तो काढून टाकणं माझ्या हातात नाही. पण यापुढे तू चांगलं काही लिहिलंस, की मी ते आधी जमिनीला तळवे टेकून ऐकणार. तेवढं आपल्यात राहील.

महिपत